विश्लेषण : जुने खेळाडू श्रेष्ठ की नवे? कबड्डी आणि बास्केटबॉलचे आकडे काय सांगतात, काय लपवतात?

मोबाइलवर सकाळी एनबीएच्या सामन्यांची क्षणचित्रे येऊ लागतात आणि रात्री प्रो कबड्डीतील चढायांची. दोन्हींच्या खाली वाद एकच असतो : आजवरचा सर्वश्रेष्ठ कोण? तिकडे मायकल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स, इकडे प्रदीप नरवाल, पवन सेहरावत की मातीवर खेळून गेलेली जुनी पिढी. रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात या वादाचे आणखी एक रूप असते. ‘आमच्या वेळचा अमुक आज असता तर...’ असे पन्नाशी ओलांडलेला प्रेक्षक म्हणतो आणि शेजारचा तरुण मोबाइलवरचे आकडे पुढे करतो. वाद करमणुकीचा वाटतो, पण त्यात बरेच काही पणाला लागलेले असते. पुरस्कार, निवड, नोकरीतील खेळाडू आरक्षण या सगळ्यांत ज्याची नोंद आहे त्याचेच नाव पुढे जाते. ज्याची नोंद नाही, तो कितीही मोठा असला तरी हळूहळू नाहीसा होतो. म्हणून वेगवेगळ्या काळांतील खेळाडूंची तुलना कशी करावी आणि कशी करू नये, हे समजून घ्यायला हवे.

तुलनेत नेमकी अडचण कुठे?

‘कोण श्रेष्ठ’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न दडलेले असतात. पहिला : दोघे समोरासमोर आले तर कोण जिंकेल? दुसरा : आपापल्या काळातील बाकीच्या खेळाडूंपेक्षा कोण जास्त पुढे होता? पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही. आहार, व्यायाम, मैदान, बूट, दुखापतींवरील उपचार आणि खेळाचे नियम, सारेच बदललेले असते. साठ वर्षांपूर्वीच्या खेळाडूला आजच्या मॅटवर उभे करायचे तर त्याला आजचे प्रशिक्षणही द्यावे लागेल. मग तो जुना खेळाडू राहतच नाही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र बऱ्यापैकी उत्तर देता येते. अट एकच, त्या काळातील कामगिरीची नोंद हवी. बहुतेक वादांत पहिला प्रश्न विचारला जातो आणि पुरावा म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे आकडे दिले जातात. त्यामुळे वाद संपत नाही.

बास्केटबॉलमध्ये नियमांनी काय बदलले?

या वादाचा सर्वात जास्त किस पाडला गेला तो अमेरिकेतील बास्केटबॉलमध्ये, कारण तिथे आकडे भरपूर आहेत. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला १९-१८ असे हरवले. लेकर्सच्या उंचपुऱ्या जॉर्ज मायकनच्या हाती चेंडू लागूच नये, म्हणून पिस्टन्सने चेंडू आपापसांत फिरवत वेळ काढला. तेव्हाच्या नियमांत ते बसत होते. १९५४-५५च्या हंगामापासून २४ सेकंदांत बास्केटवर फेक करणे बंधनकारक झाले आणि खेळाचा वेगच बदलला. बास्केटखालच्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. मायकनला रोखण्यासाठी हा पट्टा १९५१ मध्ये सहा फुटांवरून बारा फूट रुंद झाला. विल्ट चेंबरलेनमुळे १९६४ मध्ये तो सोळा फुटांचा झाला. लांबून केलेल्या फेकीला तीन गुण देण्याची पद्धत एनबीएत १९७९-८० पासून आली. म्हणजे स्टीफन करीने २०१५-१६च्या हंगामात तीन गुणांच्या ४०२ फेकी साधल्या, तशी एकही फेक साधण्याची संधी चेंबरलेनला नव्हती. त्याच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी ती रेषा आखली गेली.

मग चेंबरलेनचे आकडे कसे वाचायचे?

२ मार्च १९६२ रोजी चेंबरलेनने एका सामन्यात १०० गुण केले. त्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुणांची होती. आजच्या प्रेक्षकाला हे आकडे अशक्य वाटतात. त्याचे एक कारण म्हणजे तेव्हाचा धावता खेळ. त्या हंगामात प्रत्येक संघ सामन्यात शंभरहून अधिक फेकी करत असे, आता हे प्रमाण ९०च्या आसपास असते. संधी जास्त तर गुणही जास्त. पण एवढ्यावरून चेंबरलेनला खाली खेचणेही चुकीचे ठरते. त्याच हंगामात, त्याच नियमांत, तितक्याच वेगाच्या खेळात दुसऱ्या क्रमांकावरील वॉल्ट बेलामीची सरासरी ३१.६ होती. म्हणजे चेंबरलेन दुसऱ्यापेक्षा जवळपास १९ गुणांनी पुढे होता. जॉर्डनच्या सर्वात मोठ्या हंगामात, १९८६-८७ मध्ये, त्याची सरासरी ३७.१ होती आणि दुसऱ्या क्रमांकावरील डॉमिनिक विल्किन्सची २९. फरक आठ गुणांचा. नुसत्या गुणांच्या आघाडीवर बोलायचे तर पारडे चेंबरलेनचे जड.

मात्र निकष बदलला की उत्तरही बदलते. चेंबरलेनकडे दोन विजेतेपदे आहेत, जॉर्डनकडे सहा आणि बिल रसेलकडे तेरा हंगामांत अकरा. रसेलच्या काळात संघ आठ ते चौदा होते, आज तीस आहेत, हेही विसरता येत नाही. लेब्रॉनने फेब्रुवारी २०२३ मध्ये करीम अब्दुल-जब्बारचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला. तो दीर्घकाळ टिकून राहण्याचा विक्रम आहे. एका हंगामातील दबदबा आणि दोन दशकांचे सातत्य या दोन वेगळ्या थोरव्या आहेत. आपण कशाला मोठेपण म्हणतो, हे आधी सांगितल्याशिवाय तुलना सुरूच होत नाही.

कबड्डीत काय बदलले?

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा प्रश्न कबड्डीइतका दुसऱ्या कुठल्याच खेळात टोकदार नाही. या खेळाची वऱ्हाडशी जुनी ओळख आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिके दाखवली होती. तेव्हाची कबड्डी आणि आजची कबड्डी यांच्यात मात्र मोठे अंतर आहे. पूर्वी संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत गुण मिळाला की बाद झालेला गडी पुन्हा आत येई. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसे. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत एका चुकीची किंमत किती मोठी असेल, याची कल्पना करून पाहावी. तिथे चढाईपटू जपून खेळणार. अमरमध्ये तोच खेळाडू बेधडक खेळणार. एकाच खेळाडूचे दोन प्रकारांतील आकडेही एकमेकांशी जुळणार नाहीत.

पुढे संजीवनीच्या धर्तीवर आजची कबड्डी स्थिरावली. माती जाऊन मॅट आली, अनवाणी पायांत बूट आले. पूर्वी चढाई किती लांबायची हे दमावर ठरे. आता दमाच्या जोडीला तीस सेकंदांचे घड्याळ असते. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. आघाडी घेतली की मध्यरेषेजवळ दम घुमवून परत यायचे आणि वेळ काढायचा, ही जुनी युक्ती त्यामुळे संपली. बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांच्या नियमाने जे केले, तेच कबड्डीत तिसऱ्या चढाईने केले. बचाव करणारे तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळतो. त्याला अव्वल पकड म्हणतात. या नियमांमुळे आजच्या खेळाडूला जादा गुणांच्या संधी मिळतात, पण जपून खेळण्याची मुभा मात्र कमी झाली आहे.

प्रो कबड्डीचे विक्रम किती मोठे?

प्रो कबड्डी लीग जुलै २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या हंगामात सर्वाधिक चढाई गुण अनुपकुमारचे होते, १५५. पाचव्या हंगामात, २०१७ मध्ये, प्रदीप नरवालने ३६९ गुण केले. तीन वर्षांत खेळाडूंची ताकद दुप्पट झाली, असा याचा अर्थ नाही. पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि अनुपकुमारचा संघ अंतिम सामन्यासह १६ सामने खेळला. पाचव्या हंगामात संघ बारा झाले आणि प्रदीपचा पाटणा संघ २६ सामने खेळला. सामन्यामागे हिशेब केला तर अनुपकुमारचे साधारण ९.७ आणि प्रदीपचे १४.२ गुण होतात. दुपटीहून मोठा दिसणारा फरक दीडपटीवर आला. तरीही प्रदीपची ती कामगिरी असामान्यच ठरते, कारण त्याच हंगामातील दुसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूपेक्षा तो शंभरहून अधिक गुणांनी पुढे होता. ‘आपल्या काळाच्या किती पुढे’ या कसोटीवर हा हंगाम चेंबरलेनच्या हंगामाच्या जातीचा आहे.

एका सामन्यातील विक्रमांचेही तसेच. २०१७ मध्ये रिशांक देवाडिगाने २८ चढाई गुण केले. त्याच वर्षी प्रदीपने ३४ केले आणि २०१९ मध्ये पवन सेहरावतने ३९. दोन वर्षांत विक्रम इतक्या वेगाने सरकतो, तेव्हा खेळाडू चांगले होत असतातच, पण लीगचे स्वरूप आणि चढाईपटूभोवती संघ बांधण्याची पद्धतही बदलत असते. पैशांवरून मोठेपण ठरवणे तर सर्वात फसवे. २०१४च्या लिलावात सर्वाधिक १२ लाख ८० हजारांची बोली राकेशकुमारवर लागली होती. २०२३ मध्ये पवनवर २ कोटी ६० लाखांहून अधिकची लागली. हा बाजाराच्या वाढीचा आकडा आहे. राकेशकुमारपेक्षा पवन वीस पटींनी मोठा खेळाडू आहे, असे कोणीही म्हणणार नाही.

जे मोजलेच गेले नाही त्याचे काय?

इथे वादाचा खरा गाभा येतो. एनबीएमध्ये फेक अडवणे आणि चेंडू हिसकावणे यांची अधिकृत मोजणी १९७३-७४ पासून सुरू झाली. बिल रसेलची कारकीर्द १९६९ मध्ये आणि चेंबरलेनची १९७३ मध्ये संपली होती. फेक अडवण्यात ज्या दोघांचा हातखंडा होता, त्यांच्या नावापुढे त्या रकान्यात काहीच नाही. अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. ते रसेलचे अखेरचे वर्ष होते, त्याचा संघ जिंकला, पण पहिला पुरस्कार पराभूत संघाच्या जेरी वेस्टला मिळाला. अकरा विजेतेपदे मिळवणाऱ्या रसेलच्या नावावर हा पुरस्कार एकदाही नाही. २००९ मध्ये त्या पुरस्कारालाच त्याचे नाव देण्यात आले. नोंदीची पोकळी भरून काढण्याचा तो एक मार्ग होता.

कबड्डीत ही पोकळी कितीतरी मोठी आहे. सदानंद शेट्ये यांना १९७२ मध्ये कबड्डीतील पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला. शकुंतला खटावकर, अशोक शिंदे यांनाही पुढे हा मान मिळाला. मैदानाभोवती दाटीवाटीने उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांच्या त्या काळातील ही नावे. पण प्रदीप किंवा पवनच्या कारकिर्दीतील प्रत्येक चढाई जशी आज मोबाइलवर दिसते, तशी या खेळाडूंची चढाई अन् चढाई, पकड अन् पकड मांडलेली सार्वजनिक नोंद चाहत्याच्या हाती नाही. त्यामुळे ‘कबड्डीतील सर्वकालीन सर्वाधिक गुण’ म्हणून जी यादी फिरते, ती २०१४ नंतरच्या एका लीगची यादी असते. ‘सर्वकालीन’ हा शब्द तिथे चुकीचा आहे.

महिलांच्या बाबतीत तर आजचा काळही पुरेसा मोजला जात नाही. हांगझो आशियाई स्पर्धेत ७ ऑक्टोबर २०२३ रोजी भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असे नमवून सुवर्ण जिंकले आणि ते भारताचे त्या स्पर्धेतील शंभरावे पदक ठरले. पुरुषांच्या लीगमध्ये हंगामागून हंगाम चढाई-पकडींची तपशीलवार नोंद होते. प्रो कबड्डीच्या जोडीने २०१६ मध्ये झालेली तीन संघांची महिलांची स्पर्धा तशी टिकली नाही. उद्या कोणी अभिलाषा म्हात्रेची तुलना पुरुष खेळाडूंच्या आकड्यांशी करू लागला, तर एका बाजूचा कागद जवळपास कोराच सापडेल.

नोंद जपली तर काय होते?

याचे उत्तर महाराष्ट्राच्याच क्रिकेटमध्ये आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राकडून खेळताना भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनच्या तेव्हाच्या ४५२ धावांच्या विश्वविक्रमापासून ते नऊ धावा दूर असताना काठियावाडच्या कर्णधाराने सामना पुढे खेळण्यास नकार दिला. निंबाळकर यांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. तरीही प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. समोरची गोलंदाजी कशी होती, यावर वाद घालता येतो. पण ती खेळी झाली होती की नाही, यावर वाद घालता येत नाही, कारण धावफलक शाबूत आहे.

चेंबरलेनच्या १०० गुणांच्या सामन्याचेही चित्रीकरण उपलब्ध नाही. तिथेही उरले ते गुणलेखकाच्या कागदावरचे आकडे. म्हणजे खेळाडूला इतिहासात ठेवण्याचे काम कॅमेऱ्याच्या आधी एक कागद आणि तो नीट भरणारा माणूस करत असतो.

रिसोडच्या खेळाडूसाठी हा प्रश्न वेगळा कसा?

‘वाशीम जिल्ह्याचा आजवरचा सर्वोत्तम कबड्डीपटू कोण’ असा प्रश्न रिसोडमध्ये कोणी विचारला, तर पहिली अडचण नकाशाचीच येते. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधी रिसोडचा खेळाडू जिल्ह्याकडून खेळला असेल तर तो अकोल्याकडून. आणखी मागे गेले तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता, नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गाव तेच, मैदान तेच, पण आजोबा, मुलगा आणि नातू यांच्या खेळाची नोंद तीन वेगळ्या दप्तरांत शोधावी लागेल.

दुसरी अडचण आजही कायम आहे. संघटनांच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेत विदर्भाचा संघ वेगळा उतरतो. शालेय स्पर्धांत मात्र तालुका, जिल्हा, अमरावती विभाग आणि मग महाराष्ट्र राज्य अशी वाट असते. म्हणजे रिसोडचा एकच मुलगा शाळेत असताना महाराष्ट्राचा आणि पुढे संघटनेच्या स्पर्धेत विदर्भाचा खेळाडू होऊ शकतो. त्याची कारकीर्द एका जागी सलग दिसत नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा सांगलीच्या खेळाडूला ही तुटलेली वाट चालावी लागत नाही. मग ‘विदर्भात मोठे खेळाडू कमी झाले’ असे कोणी म्हटले, तर ते खेळाविषयीचे विधान आहे की नोंदींविषयीचे, हे आधी तपासायला हवे.

यात पणाला काय लागले आहे?

राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून होते. दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुणही मिळतात. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे राज्यात उघड झाल्यापासून पडताळणीला आणखी महत्त्व आले आहे आणि ते योग्यच आहे. खऱ्या खेळाडूची जागा खोट्या कागदाने हिरावली जाऊ नये.

यात्रेतील किंवा गावातील खुल्या सामन्याच्या गुणपत्रकावर कोणाला नोकरी मिळत नाही, हे खरे. पण जिल्हा संघाच्या निवडीत कोणाला बोलवायचे, हे अशाच सामन्यांतील कामगिरीवरून ठरते. ती कामगिरी तोंडी राहिली की ज्याची ओळख जास्त त्याचे नाव पुढे येते. कागदावर आली की किमान वाद घालायला आधार मिळतो. एका सामन्यात कोणी किती चढाया केल्या, किती यशस्वी झाल्या, किती पकडी घेतल्या, एवढे लिहिलेले असेल तर बाहेर बसवलेल्या मुलीला किंवा मुलाला ‘मी का नाही’ हे विचारता येते. नोंद हा लहान गावातील खेळाडूच्या हातातील एकमेव वशिला आहे आणि तो प्रामाणिक आहे.

मग तुलना कशी करावी?

पाच साध्या गोष्टी पाळल्या तर वाद संपणार नाही, पण शहाणा होईल. एक, एकूण गुणांऐवजी सामन्यामागचे गुण पाहावेत. दोन, त्याच स्पर्धेतील दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंपेक्षा तो किती पुढे होता हे पाहावे. तीन, कोणते नियम होते आणि कोणत्या गुणांची सोयच नव्हती, हे लक्षात घ्यावे. चार, प्रतिस्पर्धी किती तगडे होते हे तपासावे. १९९० ते २०१४ या काळात भारताच्या पुरुष संघाने आशियाई स्पर्धेत सलग सात सुवर्णपदके जिंकली आणि २०१८ मध्ये जकार्तात उपांत्य फेरीत इराणने त्याला हरवले. यावरून २०१८चा संघ दुबळा होता असे सिद्ध होत नाही, मैदानात समोर उभे राहणारे वाढले एवढे नक्की. पाच, जे मोजले गेले नाही ते शून्य समजू नये. रिकाम्या रकान्याचा अर्थ ‘माहीत नाही’ असा असतो, ‘काही केले नाही’ असा नसतो.

ही शेवटची गोष्ट दोन्ही बाजूंना लागू आहे. आकडा नाही म्हणून जुन्यांना मोडीत काढणे जसे चूक, तसेच आकडा नाही म्हणून त्यांच्याबद्दल हवे ते सांगत सुटणेही चूक. आठवण हाही पुरावाच आहे, पण तीन-चार साक्षीदारांची आठवण एकमेकांशी ताडून पाहिली तरच.

पुढे काय करता येईल?

यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. शाळा, मंडळे आणि यात्रा समित्या सामने भरवतातच, बक्षिसांवर खर्चही करतात. विजेत्यांच्या ढालीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर जाते, गुणपत्रक मात्र मंडपासोबत आवरले जाते. त्याच मोबाइलवर गुणपत्रकाचेही छायाचित्र काढावे. त्यावर तारीख, गाव, दोन्ही संघ, खेळाडूंची पूर्ण नावे, पंचांची सही आणि सामना मातीवर झाला की मॅटवर, एवढे असले तरी वीस वर्षांनी ते सोन्याच्या मोलाचे ठरेल. ‘बंडू’, ‘पिंट्या’ अशी हाकेची नावे लिहून भागत नाही, कारण पुढे प्रमाणपत्रावर ते नाव नसते. प्रत्येक स्पर्धेची एक प्रत शाळेत किंवा गावच्या वाचनालयात आणि एक जिल्हा संघटनेकडे राहावी. संघटना आणि क्रीडा खात्याने जिल्हा स्पर्धांची गुणपत्रके संकेतस्थळावर खुली करावीत. पडताळणीचे निम्मे काम त्यातूनच सोपे होईल.

जुन्या पिढीबाबत घाई करायला हवी. १९७०-८०च्या दशकांत मातीवर खेळलेले खेळाडू आणि त्या सामन्यांचे पंच आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडील कात्रणे, प्रमाणपत्रे, संघाची छायाचित्रे यांच्या प्रती काढून घेणे आणि छायाचित्रातील प्रत्येकाचे नाव मागे लिहून ठेवणे, हे काम एखाद्या शाळेचे क्रीडा शिक्षक आणि दहा विद्यार्थी एका सुट्टीत करू शकतात. ते झाले नाही तर ‘आमच्या वेळचा अमुक’ हे वाक्य म्हणणारेही काही वर्षांत उरणार नाहीत. जॉर्डन श्रेष्ठ की लेब्रॉन, हा वाद आणखी पन्नास वर्षे सुखाने चालेल, कारण दोघांची प्रत्येक फेक जपलेली आहे. रिसोडच्या मातीत दम घुमवलेल्या खेळाडूंना निदान असा वाद होण्याएवढा हक्क मिळावा, ही अपेक्षा जास्त नाही.